तिसऱ्या बेसमागची ओरड

आमच्या साखर कारखान्याच्या गावात कपडे इस्त्री करून पोट भरणाऱ्या एउदोसियाचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. सोडतीत तिला बेसबॉलचं स्टेडियम आतून बघायला मिळालं, पण गावच्या संघाचा जुना कॅचर निकानोर दाखवत काय होता? चषकांची कपाटं, मालकांच्या गारेगार खोल्या, टोप्यांचं दुकान!

"अरे, खेळाडूंचा बाक दाखव ना!" ती शेवटी खेकसली.

बाकावर बसून तिनं तिसऱ्या बेसमागच्या स्वस्तातल्या जागांकडे पाहिलं. तिथूनच ती वर्षानुवर्षं घसा फोडून सांगायची, "पिचर दमलाय, चेंडू टाकायला दुसरा आणा!" कुणी कधी मान वळवली नाही आणि राजधानीच्या सान्तो दोमिंगोवाल्यांकडून मार खाणं काही थांबलं नाही. आवाज वाऱ्यावर विरत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

"तिथलं बोलणं इथवर पोचतच नसेल, नाही का रे?"

"पोचत नाही कसं? शब्द न् शब्द!" निकानोर हसला. "तुमचा आवाज तर आम्ही झोपेतही ओळखू, एउदोसियाबाई. आणि बरोबर सांगायचात हो तुम्ही."

एउदोसिया ताडकन उठली.

"मेल्यांनो, बहिरे असतात तर माफ तरी केलं असतं!"