दस्तगीरभाईंचा राहिलेला स्कॅन

त्या सकाळी दस्तगीरभाईंना चहा मी पाजला.

वर्षभर हे कुणाला सांगितलं नव्हतं.

शिरोलीच्या फौंड्रीत आम्ही बावीस वर्षं एकत्र काम केलं. ते साच्यासाठी लाकडी पॅटर्न बनवायचे, मी मोल्डिंगला.

पहिल्या अटॅकनंतर डॉक्टरांनी त्यांना हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन सांगितला. शिरेतून किंचित किरणोत्सर्गी औषध सोडतात. रक्त जिथं पोचतं, तिथं फोटोत उजेड दिसतो. हृदयाचा कुठला भाग मेलाय आणि कुठला नुसता झोपलाय, ते कळतं. त्यावर बायपासचं ठरणार होतं.

दस्तगीरभाई म्हणाले, "कास्टिंगच्या आत ब्लोहोलची पोकळी हाय का बघतो आपण, तसंच की!"

स्कॅनच्या दिवशी संकष्टी होती. माझ्या मोटारसायकलवरून जायचं, म्हणून ते सकाळीच घरी आले. पूजा आटपून मी चहा टाकला होता.

"घ्या अर्धा कप."

"उपाशी यायला सांगितलंय."

"मी पण उपाशीच हाय की. उपवासाला चहा चालतो."

ते हसले. "आमच्या रोज्याला पाण्याचा थेंब चालत न्हाई. तुमचं बरं हाय लेका!"

आणि प्यायले.

चोवीस तास चहा-कॉफी बंद, असं कागदावर लिहिलं होतं. मी कागद वाचलाच नव्हता. त्यांच्या घरी भाभींनी तो वाचून त्यांना बजावलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्यांचे गुडघे गेलेले, हृदयाला ताण द्यायला ट्रेडमिलवर पळणं शक्य नव्हतं. त्याऐवजी इंजेक्शन देणार होते. चहानं त्या इंजेक्शनचा परिणाम जातो.

आत घेण्याआधी सिस्टरनी विचारलं, "चहा, कॉफी काही घेतलंय?"

मी तोंड उघडायच्या आत दस्तगीरभाई म्हणाले, "प्यालो. माझीच खोड वाईट."

आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली.

पाचव्या दिवशी ते गेले.

स्कॅन झाला असता तर वाचले असते का?
डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही.
मी रोज देवासमोर तेच विचारतो.

मय्यतीला आलेल्या बायकांना भाभी सांगत होत्या, "तीस-तीस रोजे धरणारा माणूस. एक दिस चहा सोडवंना त्याला!"

मी तिथंच उभा होतो.

नंतरही जेव्हा जेव्हा गेलो, तेच वाक्य ऐकलं.

आज वर्ष झालं. सकाळी काही न खाता त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. उपवासाचं माझं वाक्यसुद्धा, आणि आज उपाशीच आलोय हेही.

भाभींनी भिंतीकडं बघतच विचारलं,

"मग त्यांनी मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही मला बोलला असता म्हणून."

"बोललेच असते! सोडते व्हय तुम्हाला!"

मग पदरानं डोळे पुसले. "वरीसभर मी त्यांनाच बोलले की हो, शिवाभाऊ."

उठून आत गेल्या. मी दाराशी जाऊन चपला शोधत होतो.

भाभी कप घेऊन बाहेर आल्या.

"बसा. घ्या. उपवासाला चालतो न्हवं?"

दस्तगीरभाई, भाभींना सांगितलं.

आता निवांत झोपा.