बुटांची तोंडं

आमच्या नांदे गावातल्या घरात पायातलं दारात काढून आत यायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दारात चपलांचा ढीग पडतो, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. उलटी पडलेली तेवढी सुलटी करायची, नाहीतर घरात भांडण होतं. जपानची सून येणार म्हटल्यावर मला धास्ती, ही बूट घालून थेट देव्हाऱ्यापर्यंत येणार. लेक म्हणाला, "आई, त्यांच्यात आपल्यापेक्षा कडक हाय."

कडक होतंच. ती बूट काढायची, मग वाकून ते फिरवायची. टाचा घराकडं, टोकं रस्त्याकडं. घरात वापरायला कापडी सपाता वेगळ्या.

मला ते बूट बघवेनात. सून गोड हसतेय, भाकरी थापायला शिकतेय आणि बूट मात्र निघायच्या तयारीत! दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. माझा एकुलता एक लेक. ही त्याला तिकडं घेऊन जाणार, अशी माझी खात्रीच झाली. वर थोरल्या जाऊबाईंनी तेल ओतलं, "बूट बघितलंस का? पाखरू उडाया टपलंय."

मग ती आंघोळीला गेली की मी गुपचूप बूट आत वळवून ठेवू लागले. संध्याकाळी ते पुन्हा बाहेर. ती बोलेना, मीही बोलेना. न बोलणाऱ्या माणसाचा मला फार संशय येतो.

एकदा जाऊबाई चहाला आल्या. निघताना बघतात तर त्यांच्याही चपला रस्त्याकडं तोंड करून. "व्हय गं, तुझी सून मला हाकलतीया का?" सून गोंधळली. लेकानं तिला तिच्या भाषेत विचारून आम्हाला सांगितलं, "तिच्या आईनं शिकवलंय. माणसाला पुढं जिकडं जायचंय, तिकडं तोंड करून ठेवायचं. पाय घातला की चालू लागायचं." जाऊबाईंना पटलं. मला अर्धंच. म्हणजे हिला पुढं बाहेरच जायचंय की!

दिवाळीनंतर तिची आई आजारी पडली. दोघंही निघाली. बॅगा केवढ्या! तिकडं थंडी असते म्हणे. मी विचारलं, "परत कधी येनार?" "बघू," लेक म्हणाला. लहानपणी अभ्यासाचं विचारलं की हाच 'बघू' यायचा. बूट घालून सून दारात वाकली, काहीतरी करत बसली. माझे डोळे भरले होते, मी तिकडं बघितलंच नाही.

गाडी गेल्यावर दार लावायला आले. तिच्या सपाता उंबऱ्याच्या आत होत्या. जोडीनं, टोकं घराकडं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "उचलून ठेव की त्या, धूळ बसंल."

"ऱ्हाऊ द्या तशाच," मी म्हणाले. "तिला आत यायचंय."