बोडीपलीकडची मांजरं

कामठ्याच्या बोडीमागचं, म्हणजे गावतळ्यामागचं, झुडपी रान सपाट करून ग्रामपंचायतीला तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं. "तिथं माही रानमांजरं राहतात," असं अनुसयाबाई ग्रामसभेत तीनदा बोलली. तीनदा लोक फिदीफिदी हसले. मग तिनं मांजरांवर संशोधन करणाऱ्या रुचिकाला गाठलं.

"मावशी, केसांची तपासणी करू. अस्सल रानमांजरं निघाली तर वनखात्याला लिहिता येईल. घरच्या मांजरांशी संकर झालेला निघाला, तर मात्र काम थांबवायला कोणी येणार नाही."

"संकर कायचा? रानातली रानात, घरची चुलीजवळ!"

साठी उलटलेली बाई दोन महिने रोज पहाटे जाऊन रुचिकानं रानात रोवलेल्या खुंट्यांना अडकलेले केस चिमट्यानं उचलत होती, पाकिटात घालत होती.

अहवाल आला त्या दिवशी रुचिका ओसरीवर नुसता चहा फुंकत बसली.

"बोल ना पोरी. फाशी सांगून राहिली का मले?"

"नऊ नमुने होते. नऊही मिसळलेले. कित्येक पिढ्यांपासून."

"मशीन बिघडली असन."

"दोनदा तपासलं, मावशी. घरची मांजरं रानात कोणी सोडत होतं का?"

सून चेतना दारातूनच हसली. "काऊन नाही? अख्ख्या गावची पिल्लं आमच्या सासूबाईच नेत! मांजर मारलं तं पाप, म्हणून लोक पोत्यात घालून आणत. तीस वर्षं झाली, ताई."

"चूप बस!" अनुसयाबाई खेकसली. मग रुचिकाकडे न पाहता म्हणाली, "बोडीपलीकडं मासोळ्या होत्या, उंदरं होते. जगतील म्हणून तिथंच सोडली."

"जगली, मावशी. तेच झालं."

चहावर साय धरली.

"आता सोडणं बंद केलं तं? परत येगळी होतील?"

"नाही."

"पन्नास वर्षांनी?"

रुचिकानं नकारार्थी मान हलवली. "संकर कसा झाला ते मला लिहावं लागेल. तुमचं नाव नाही टाकत."

"टाक. गावापासून कायले लपवायचं?"

सोमवारी जेसीबी आली. अनुसयाबाई बोडीच्या पाळीवर, बांधावर उभी होती. ड्रायव्हर ओरडला, "अम्मा, हटो वहाँ से!"

पाठीमागची माणसं, आता ही भांडणार म्हणून, थांबली. तिनं पदर सावरला आणि बाजूला झाली. पहिलं झुडूप उपटलं तशी दोन मांजरं बाहेर पडली आणि सरळ गावातल्या घरांकडे पळाली.