गुलाबी पक्ष्यांचा जबाब

ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हा ठाणे शहराच्या कोपरी भागात पोलीस म्हणून नेमणुकीला होतो. लग्नसराई, थंडी, आणि खाडीवरचं धुकं पार पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत आलेलं. रात्रपाळीचे लोक निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात तिशीतला एक माणूस छातीशी पिशवी धरून आत आला. घोडबंदर रोडच्या टॉवरांत लिफ्ट दुरुस्त करणारा. मागून त्याची बायको, अनवाणी.

"साहेब, मला आत टाका. मी मेव्हण्याला मारलं."

त्याने पिशवीतून ओला शर्ट काढून टेबलावर ठेवला. लाल डागच डाग. तोंडाला दारूचा भपकारा. आदल्या रात्री नात्यात हळद होती, तिथे दोघं प्यायला बसले ते उठलेच नाहीत. पहाटे हा एकटा घरी आला. मेव्हण्याचा फोन बंद.

"शर्ट धुतलास?"

"हो साहेब. बादली लाल झाली. तेव्हा कळलं, आपल्या हातून काय झालं ते."

बायकोने शर्ट उचलून उजेडात धरला आणि नवऱ्यावर कडाडली, "अहो, रक्त कसलं! हळद आहे ही. साबण लागला की हळद लाल होते. जन्मात एक कपडा धुतलाय का तुम्ही?"

हवालदार हसले. खरं सांगतो, मीही हसलो. ती मात्र हसत नव्हती. "साहेब, एकुलता भाऊ आहे हो माझा. तो कुठंय, ते आधी काढा यांच्याकडून."

बेसुमार प्यायलेला माणूस चालतो, बोलतो, नाचतोही, पण डोक्यात त्याची नोंद होत नाही. सकाळी मधली रात्रच गायब असते. अशाला दरडावून "मारलंस ना?" विचारलं की तो हो म्हणतो. आपण तोंडात घालू ते कबूल करतो, आणि आपल्याला वाटतं केस सुटली! म्हणून मी त्याला चहा पाजला आणि डोळे मिटायला लावले.

"आठवू नकोस. दिसतंय तेवढंच सांग."

तो झोपेत बोलल्यासारखा बोलू लागला. "चिखल... गार, मऊ. मेव्हणा जड झालेला. मी त्याला ढकललं. पाळणा होता साहेब, पाळण्यात झोपवला. मग सगळं गुलाबी झालं. पक्षी. आभाळभर गुलाबी पक्षी."

"याची अजून उतरली नाही," हवालदार पुटपुटले.

मी मात्र खुर्चीतून उठलो. थंडीत खाडीवर फ्लेमिंगो येतात आणि ओहोटीच्या उघड्या चिखलात उतरतात. म्हणजे हा पहाटे तिथेच होता. आणि आता भरती लागली होती.

जीप खाडीकडे घेतली. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, समजत नव्हतं. पलीकडच्या इमारती धुक्यात तरंगत होत्या. तिवरांच्या झाडीच्या कडेला एक जुनी होडी बांधलेली, पाळण्यासारखी हळूहळू डुलत. तिच्या फुटक्या तळातून पाणी आत येत होतं आणि त्यात तो पोरगा उताणा पडला होता. अंगभर हळद, ओठ निळसर, श्वास इतका विरळ की आम्ही तो गेलाच असं धरून चाललो होतो. हवालदारांनी त्याला कुशीवर वळवलं, तोंडातली ओकारी बोटांनी काढली. मग एक घरघर ऐकू आली. देवाशप्पथ, इतका गोड आवाज मी उभ्या नोकरीत ऐकला नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर पाण्याचीही गरज नव्हती, दारू आणि गारठाच पुरला असता. 'झोपलाय, झोपू दे' म्हणून अशा माणसाला एकटं सोडू नये, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

दुपारी भाऊ शुद्धीवर आला, पण त्यालाही रात्रीचं काही आठवत नव्हतं. बहिणीने पदराने त्याचा चेहरा पुसला आणि बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"जपून झोपवलंत त्याला, की वैतागून ढकललंत? एवढंच सांगा."

"खरंच आठवत नाही गं."

ती माझ्याकडे वळली. "साहेब, तुम्ही विचारा ना."

माणूस लपवत असेल तर आज ना उद्या बोलतो, या भरवशावर मी नोकरी केली. पण हा काही लपवत नव्हता. त्याच्यात उत्तर नव्हतंच. त्या दिवशी कबुली खोटी निघाली, स्वप्न खरं निघालं, आणि तिला हवं होतं तेवढं एक वाक्य कुणाकडेच नव्हतं. गुन्हा काही नव्हता, मी नवऱ्याला मोकळं केलं. ती भावाच्या खाटेशी परत गेली. तो वॉर्डाच्या दारात थांबला, आणि आत जा असं त्याला सांगायला माझीही जीभ रेटली नाही.