सुभेदारांचा डावा पाय

गॅरेजात काळं ऑइल आणि किस्से, दोन्ही आपोआप साचतात. आमच्या सांगलीच्या गॅरेजात सगळ्यांत जास्त किस्से सुभेदार तात्यांच्या जुन्या अमेरिकन गाडीचे. ऐकणारे हसतात. गॅरेजचा हेल्पर म्हणून शेजारच्या सीटवर मी असायचो, मला अजून घाम फुटतो!

*

तात्या फौजेतून रिटायर. गाडी आठ सिलिंडरची, क्लच दगडासारखा. त्यांचा डावा गुडघा गेला आणि डॉक्टर म्हणाले, "या पायात आता जोर नाही." म्हणजे गाडी विका, नाहीतर क्लच नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवा. विकायचं नाव काढलं की तात्या जेवायचेच नाहीत.

*

आमच्या गॅरेजच्या बापू मिस्त्रींनी दोन गिअरबॉक्स सुचवले. चार गिअरचा हायवेला भारी, पण नाजूक. तीन गिअरचा जुनाट, पण दणकट.

तात्यांनी एकच विचारलं, "पसरणीच्या घाटात उताराला गाडी कोण धरंल?"

"तीनवाला. हातानं खालच्या गिअरात टाकायचा."

"मग त्योच घाल. पळायचं वय गेलं गड्या, आता थांबायचं बघ!"

*

नव्या लिव्हरवरची इंग्रजी अक्षरं बघून तात्यांच्या बायको, आमच्या काकू, घाबरल्या.

"पी म्हंजे पळ, आन् डी म्हंजे डांबून ठेव, व्हय?"

नेमकं उलटं! पी म्हणजे पार्क, डी म्हणजे ड्राइव्ह. बापूंनी लगेच मराठी पट्टी चिकटवली: थांब, मागं, मोकळी, चल.

*

पहिल्या ट्रायललाच तात्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि त्याला सापडला ब्रेक. नुसता टेकला तरी गाडी जागेवर! माझं कपाळ डॅशबोर्डवर, मागं उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर वीतभर अंतरावर. ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या ऐकू आल्या, तेव्हा आपण जिवंत आहोत हे कळलं.

त्यानंतर तात्या डावा पाय टॉवेलनं सीटला बांधूनच गाडी चालवायचे. "फौजेत शत्रू बांधला, आता सोताचाच पाय!"

*

आणि मग पसरणीचा घाट. पाचगणीहून वाईला उतरत होतो, काकू मागं. अर्ध्या घाटात ब्रेकचा जळका वास आला. तात्यांनी पेडल दाबलं, ते मऊ होऊन थेट तळाला गेलं. पुढं वळण, वळणावर एसटी, पलीकडं दरी. एवढा मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. डोळेच मिटले.

तात्यांनी लिव्हर खालच्या गिअरात ओढली. इंजिन किंचाळलं, गाडीनं हिसका दिला, वेग तुटला. एसटीच्या अगदी बाजूनं निसटून, रांगत रांगत ती कठड्याला टेकली.

मग तात्या बारीक आवाजात म्हणाले, "टॉवेल सोड रं माझा."

मी खाली वाकलो. टॉवेल मधोमध फाटला होता. पूर्वी क्लच होता त्या रिकाम्या जागेवर डावा पाय गच्च रोवलेला, दोन्ही हातांनी ओढला तरी निघेना!

काकू मागून वाकून बघत म्हणाल्या, "आवं, ह्या पायात जोर न्हाई म्हणून गिअरबॉक्स बदलला न्हवं?"