कॉलमला मारलेलं पाणी

माझ्या मावसभावाचा मला हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. तो डोंगरातल्या कुडपण गावचा. शाळेसाठी आमच्या महाडच्या घरी राहिला, माझे आखूड झालेले शर्ट घालून वाढला आणि बांधकामाचा पहिला नकाशा वाचायला माझ्याकडूनच शिकला. पुढे मुंबईला गेला, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत मुरला आणि दोन हजार सालानंतर एकदा महाडला उतरला तो बगलेत फायबरच्या कापडाचा गुंडाळा घेऊनच.

त्याच सुमारास बाजारपेठेतल्या एका तीन मजली इमारतीचं काम निघालं होतं. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. दर पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी तळमजल्यात शिरून कॉलमच्या सळया गंजल्या होत्या, सिमेंटचे पोपडे सुटले होते. मी गावातला जुना ठेकेदार; हे काम माझंच, असं मी धरून चाललो होतो. माझी पद्धत सगळ्या गावाला ठाऊक होती: जुन्या कॉलमभोवती नव्या सळया बांधायच्या आणि काँक्रीट ओतायचं. कॉलम चारी बाजूंनी चार-चार इंच फुगतो, पण हत्ती बांधलात तरी हलत नाही.

मावसभावाने दुकानदारांना सांगितलं, कॉलम आहे तेवढाच राहील. फुटलेला भाग भरायचा, वरून रसायनात भिजवलेलं कापड घट्ट गुंडाळायचं; वाळलं की ते लोखंडासारखं कडक होतं. भांड्यांच्या दुकानदाराला आपली फळी हलवावी लागणार नाही एवढंच कळलं आणि त्याला ते पुरलं. मीटिंगमध्ये मी म्हणालो, "कॉलमचं काय हाड मोडलंय, पट्टी बांधायला?" सगळे हसले. तोही हसला. आणि काम त्यालाच मिळालं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. मी महाडातच पिकलो, हाच माझा गुन्हा.

वर हा गृहस्थ त्याच संध्याकाळी आमच्याकडे चहाला हजर. बायकोने त्याला पोह्यांची दुसरी बशी न विचारता वाढली, माझ्या मनात तेही सलत राहिलं. तो मात्र काहीही न लपवता सगळं सांगत होता. "दादा, बाकी सगळं सांभाळता येतं, पण ओल नाय चालत. कॉलम सुंठीसारखा कोरडा पायजे. नायतर कापड धरतच नाय."

मी रोज काहीतरी निमित्त काढून त्या इमारतीवरून जायचो. चुका शोधायलाच जायचो, खोटं कशाला बोलू? सापडत नव्हत्या. कॉलमचे कोपरे तो मशीनने घासून गोल करून घेत होता, कारण धारदार कोपऱ्यावर कापड तुटतं. हे मला सुचलं नसतं. ते बघून माझ्या पोटात आणखीच दुखलं.

त्याच्याकडे बिगारी कामाला असलेली बाई, सगळे तिला मावशी म्हणत, पंधरा वर्षं माझ्या हाताखाली होती. माझ्याकडे तेव्हा काम नव्हतं, म्हणून तिकडे गेली. माझी शिस्त तिच्या हाडात भिनलेली: सिमेंट लागलं की सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, वर ओलं गोणपाट गुंडाळायचं. "सिमेंटला तहान लागते," हे मी तिला शंभरदा सुनावलेलं.

फुटलेले भाग भरून झाले, त्यांना हवं तेवढं पाणी देऊन झालं. कॉलम वाळायला सोडून, सगळ्यांना सुट्टी देऊन, मावसभाऊ दोन दिवस कुडपणला लग्नाला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथून जात होतो, तर मावशी बादली घेऊन आलेली. आठांपैकी दोन कॉलमना गोणपाट गुंडाळून वर पाणी ओतत होती.

"पोरगा पानी मारायचं इसारला बगा, शेट," ती म्हणाली. "सुट्टी हाय, पन माझ्यानं ऱ्हावलं नाय."

"अगं, थांब," एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. मग ती पोह्यांची बशी आठवली, मीटिंगमधलं हसू आठवलं, आणि मी मूग गिळून उभा राहिलो. बादली रिकामी होईपर्यंत उभा राहिलो आणि घरी आलो. डोक्यावर माणसं राहतात अशा कॉलमशी मी हा खेळ केला.

सकाळी मावशीनेच गोणपाटं काढून ठेवली. वैशाखाचं ऊन, दुपारी मावसभाऊ आला तोवर कॉलम वरून खडखडीत दिसत होते. ओल आत होती. त्याने आठही कॉलमना कापड गुंडाळलं.

चार-पाच दिवसांनी तो घरी आला, चेहरा उतरलेला. "दादा, एका कॉलमचा आवाज पोकळ येतोय, कापड धरलं नाय वाटतं. तू जरा वाजवून बघ. तुझ्यासारखा कान महाडात कुनाचा नाय."

मी गेलो. हातोडीने हळूहळू ठोकत आठही कॉलम तपासले. कुठले दोन पोकळ निघणार ते मला आधीच ठाऊक होतं, तरी सगळे तपासल्याचं नाटक केलं. त्या दोन्हींवर खडूने खुणा केल्या.

"कापड दाबताना माझाच रोलर नीट फिरला नसेल," तो म्हणाला. "दोन्ही सोलून परत करतो."

मावशी तिथेच टोपली भरत होती. तिने खुणांकडे पाहिलं आणि हात थांबवले. "ह्याच दोगांना मी पानी मारलेलं. तुमी लग्नाला गेलेलाव तवा." मग माझ्याकडे बोट दाखवून सरळपणे म्हणाली, "शेट उबे व्हते की हितं. चुकत असतं तर बोलले नसते काय?"

मावसभाऊ माझ्याकडे न बघताच तिला म्हणाला, "त्यांचं लक्ष नसंल गो मावशे."

काम त्याचं, नाव त्याचं, आणि आता हे मोठेपणही त्याचंच. ते मात्र मला सोसवलं नाही.

"लक्ष होतं माझं," मी म्हणालो.