टेबलाभोवतीच्या खेळाचा लोगो

मुलुंडच्या शाळेतल्या बाईंनी मला वाचवलं, हे आधी लिहून टाकते. नाहीतर पुढचं सांगताना मी नुसती माझीच रड गात बसेन.

भांडुपला फ्लेक्स छापायच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर डिझाइन करते. शाळा आठवीत सुटली. वाशिमकडून इथे मावशीकडे आले ती या कामाच्या भरवशावर. काम गेलं की परत गाव, आणि तिथे ठरवून ठेवलेलं स्थळ. दुकानाच्या मालकांना मी काका म्हणते. कामाला लागताना त्यांना मी दहावी झाल्याचं सांगितलं होतं. माणूस चांगला, पण गिऱ्हाईक दिसलं की वाढवून बोलतात. बाई आल्या तेव्हा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "डिप्लोमा केलाय पोरीने, टेन्शन नका घेऊ." मी मान डोलावली. तिथेच अडकले.

बाई शनिवारी मुलांना टेबलाभोवती बसवून एक खेळ घेतात. कोणी वैद्य होतं, कोणी किल्लेदार. बाई गोष्ट सांगत अडचण टाकतात, मुलं हिशेब करून, फासे टाकून वाट काढतात. त्यातूनच शिकणं. त्याचा लोगो हवा होता. मला धड कळलं नव्हतं, पण डिप्लोमावाली असलं विचारते का?

मग जे येतं ते केलं. आमच्याकडे वाढदिवस असो की दहीहंडी, ज्याची ऑर्डर त्याचा फोटो मधोमध, हात जोडून, मागे सोनेरी किरणं. मी बाईंचा फोटो शोधला, त्याला दुसऱ्याच कोणाचे जोडलेले हात लावले, भोवती लुडोचे फासे. खाली शुभेच्छुकांसाठी जागासुद्धा सोडली.

बाई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. "मी निवडणुकीला उभी आहे का गं?"

काका खो खो हसले. मीही हसले. शनिवारी येऊन खेळ बघ, असं बाई म्हणाल्या आणि काकांनी मला पाठवलंच.

टेबलाला सगळी आठवीची मुलं. मला गवंडी केलं. किल्ल्यातल्या टाक्याची भिंत ढासळली होती, किती चिरे लागतील ते काढायचं होतं. मुलं कागदावर खरडत होती, माझ्या तोंडून आकडा निघूनही गेला. दिवसभर मी स्क्वेअर फूटच तर मोजते. शेजारच्या मुलीने विचारलं, "ताई, तू कितवीपर्यंत शिकलीस?"

बाई समोरच होत्या. पण त्या पोरीला काय खोटं सांगणार? "आठवी," मी म्हटलं. "मग सुटली."

आता संपलं, असं वाटलं. मावशीला काय सांगायचं तेही मनात जुळवायला लागले.

"बरं," बाई म्हणाल्या. "भिंत झाली. आता पाणी कुठून आणायचं, गवंडी?"

खेळ पुढे चालू झाला. निघताना म्हणाल्या, "काकांना तू सांग, तुला जमेल तेव्हा. मी सांगणार नाही." बाहेरून दहावी देता येते, तेही त्यांनीच समजावलं.

मग मी वरून दिसणारं गोल टेबल काढलं, भोवती वाकलेली डोकी, मध्ये एक फासा. एकच रंग. काकांना ते रिकामं वाटलं. बाईंनी तेच घेतलं.

काका अजून गिऱ्हाइकांना डिप्लोमाचं सांगतात आणि दर वेळी मी स्क्रीनमध्ये डोकं घालते. अजून बोलले नाहीये. पण बाई, दहावी झाले की काकांना सांगून दर शनिवारी तुमच्याकडे येईन, मुलांचा खेळ घ्यायला. तुमचं मी असंच फेडणार.